गाठ गेली, पण आजार गेला का? युगांडातल्या मुलांनी शिकवलेला धडा

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. अकरा वर्षांचा एक मुलगा मानेतली गाठ दाखवायला माझ्याकडे आला होता. गाठ दुखत नव्हती, ताप नव्हता. गावाकडे सुरुवातीला अवधाण समजून लेप झाला होता, नंतर क्षयरोगाच्या गोळ्याही दोन महिने घेऊन झाल्या होत्या, त्याही तपासणी न करता. मी बायोप्सी करायला लावली. निदान आलं लिम्फोमा. मुलाला मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तिथे केमोथेरपी सुरू झाली. दुसऱ्या डोसनंतर वडील मला भेटायला आले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. "डॉक्टर, गाठ पार विरघळली हो! हाताला लागतसुद्धा नाही."

मलाही आनंद झाला. पुढच्या तारखांना नक्की जा, असं मी सांगितलं. ते "हो" म्हणाले. मी पुढचा पेशंट बोलावला.

चार महिन्यांनी ते परत आले. मुलाला दम लागत होता. पेरणीचे दिवस आले, मुंबईत राहायला जागा नव्हती, हातउसने पैसे संपले आणि गाठही दिसत नव्हती, म्हणून पुढचे डोस राहून गेले होते. आता गाठी छातीत होत्या. पुन्हा उपचार झाले, पण तो मुलगा वाचला नाही.

वडिलांना दोष देणं सोपं आहे. पण खरं सांगायचं तर त्यांचा फोन नंबरसुद्धा मी लिहून ठेवला नव्हता. तो डोस चुकवतोय हे मला कळायला काही मार्गच नव्हता.

लिम्फोमाबद्दल वाचताना मला नेहमी तो मुलगा आठवतो. या आजाराच्या इतिहासात एक प्रकरण असं आहे की ते त्याच प्रश्नाभोवती फिरतं: गाठ विरघळणं आणि रुग्ण बरा होणं यांत नेमकं काय काय असतं? हे प्रकरण ना लंडनचं ना न्यूयॉर्कचं. ते पूर्व आफ्रिकेतल्या युगांडाचं आहे. आज तेच सांगतो.

आधी थोडं लिम्फोमाविषयी

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांसारखंच लसिकावाहिन्यांचं एक जाळं असतं. त्यात मान, काख, जांघ, छाती, पोट अशा ठिकाणी लहान लहान लसिकाग्रंथी असतात. या आपल्या प्रतिकारशक्तीच्या चौक्या. घसा सुजला की गळ्याशी गाठ येते, पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ते या चौक्या कामाला लागल्याचं लक्षण. काम झालं की गाठ बसते.

या ग्रंथींमध्ये लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांतलीच एखादी पेशी बिघडून बेसुमार वाढायला लागली की त्या कर्करोगाला लिम्फोमा म्हणतात. त्याचे दोन मोठे गट आहेत: हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन. लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये अशा गाठींचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. दुसऱ्या गटात अनेक प्रकार येतात. काही वर्षानुवर्षं संथ राहतात, तर काही विलक्षण वेगाने वाढतात. वाढीच्या वेगात सर्वांत पुढे असलेल्या प्रकाराला बर्किट लिम्फोमा म्हणतात. त्याच्या पेशींची संख्या एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. आपली गोष्ट याच प्रकाराची आहे.

कंपाला, १९५७

डेनिस बर्किट हे आयर्लंडमध्ये १९११ साली जन्मलेले सर्जन. अकराव्या वर्षी अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता. एका डोळ्याचा सर्जन नको, म्हणून ब्रिटिश वसाहत खात्याने त्यांचा अर्ज एकदा नाकारलाही होता. पण दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, ते युगांडात आले. पुढे राजधानी कंपालाच्या मुलागो रुग्णालयात ते सर्जन म्हणून काम करू लागले. युगांडा तेव्हा ब्रिटिश अमलाखाली होता.

१९५७ मध्ये ह्यू ट्रॉवेल या सहकारी डॉक्टरांनी त्यांना पाच वर्षांचा एक मुलगा दाखवला. त्याच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही जबड्यांना, दोन्ही बाजूंनी सूज होती. दात हलत होते, चेहरा ओळखू येत नव्हता. जंतुसंसर्ग म्हणावा तर तो एकाच वेळी चारही बाजूंना कसा होईल? गाठ म्हणावी तर एकाच वेळी चार कशा? बर्किट यांना उत्तर सुचेना.

काही आठवड्यांनी ते जिंजा गावच्या रुग्णालयात गेले होते. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल नदी जिथून निघते, तेच हे जिंजा. तिथे वॉर्डात फिरताना खिडकीतून त्यांना बाहेर एक मूल दिसलं. चेहऱ्याला तशीच सूज. बर्किट बाहेर गेले, मुलाला तपासलं, तर पोटातही गाठ लागली.

ही तपासणी फार महत्त्वाची ठरली. बर्किट परत येऊन जुनी कागदपत्रं चाळू लागले. तेव्हा लक्षात आलं की जबड्याच्या गाठीची मुलं दातांच्या नाहीतर हाडांच्या आजारात नोंदली जात होती, पोटाच्या गाठीची मुलं मूत्रपिंडाच्या, यकृताच्या नाहीतर अंडाशयाच्या कर्करोगात. ज्या डॉक्टरला जे दिसलं ते त्याने लिहिलं होतं. एकाच मुलात दोन-तीन ठिकाणी गाठी आढळतात आणि हा एकच आजार असावा, हे कुणी जोडून पाहिलं नव्हतं.

१९५८ मध्ये बर्किट यांनी 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त यावर लेख लिहिला. त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. पुढे कंपालातल्या पॅथॉलॉजिस्ट मंडळींनी, विशेषतः ग्रेगरी ओकॉनर यांनी, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हा लिम्फोमाचा प्रकार असल्याचं दाखवून दिलं.

दहा हजार मैलांचा दौरा

हा आजार युगांडातच आहे की सगळ्या आफ्रिकेत? हे शोधायला बर्किट यांच्याकडे ना प्रयोगशाळा होती ना निधी. सरकारकडून २५ पौंडांचं अनुदान मिळालं. त्यातून त्यांनी मुलांचे फोटो असलेली पत्रकं छापली आणि आफ्रिकेतल्या सरकारी व मिशन रुग्णालयांना पाठवली: अशी मुलं तुमच्याकडे येतात का? उत्तरं यायला लागली तशी ते भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचत गेले. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरलेला एक पट्टा तयार झाला. पूर्व किनाऱ्याच्या बाजूने त्याला दक्षिणेकडे जाणारं शेपूटही होतं.

मग ऑक्टोबर १९६१ मध्ये बर्किट, टेड विल्यम्स आणि क्लिफ नेल्सन हे तीन डॉक्टर १९५४ सालच्या जुन्या फोर्ड गाडीतून निघाले. दहा आठवडे, सुमारे दहा हजार मैल, ५७ रुग्णालयं. प्रत्येक ठिकाणी तेच फोटो, तोच प्रश्न.

या दौऱ्यातून एक स्पष्ट गोष्ट हाती आली. उंच, थंड डोंगराळ भागात हा आजार नव्हता. कोरड्या भागातही नव्हता. जिथे ऊब आणि भरपूर पाऊस, तिथेच तो होता. म्हणजे जवळपास जिथे डास आणि मलेरिया, तिथेच. कर्करोगाचा नकाशा हवामानाच्या नकाशाशी असा जुळावा, हे तेव्हा अगदी नवलाचं होतं. कर्करोगामागे एखादा जंतू असेल का, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

धुक्यामुळे वळवलेलं विमान

त्या दौऱ्याच्या काही महिने आधी, मार्च १९६१ मध्ये, बर्किट यांनी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्याख्यान दिलं होतं. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन नावाचे तरुण संशोधक होते. विषाणूंमुळे कर्करोग होऊ शकतो या कल्पनेने ते झपाटलेले होते. व्याख्यान संपल्यावर ते बर्किट यांना भेटले. कंपालाहून गाठींचे नमुने विमानाने लंडनला पाठवायचे ठरले.

दोन वर्षांहून अधिक काळ काही हाती लागलं नाही. डिसेंबर १९६३ मध्ये लंडनच्या धुक्यामुळे नमुन्याचं विमान मँचेस्टरला वळवावं लागलं. उशिरा पोहोचलेल्या बाटलीतलं पाणी गढूळ दिसत होतं. जंतू शिरून नमुना वाया गेला, असंच कुणालाही वाटलं असतं. पण एपस्टाइन यांनी फेकून देण्याआधी थेंबभर द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ते जंतू नव्हते. गाठीतून सुट्या झालेल्या जिवंत पेशी त्यात तरंगत होत्या. त्या प्रयोगशाळेत वाढवता आल्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात विषाणू दिसला. मार्च १९६४ मध्ये एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांनी तो 'लॅन्सेट'मध्ये जाहीर केला. हाच एपस्टाइन-बार विषाणू. मानवी कर्करोगाशी संबंध जोडला गेलेला हा पहिला विषाणू.

इथे एक खुलासा करतो, कारण रुग्ण हमखास विचारतात. हा विषाणू जगातल्या बहुतेक सगळ्या प्रौढांच्या शरीरात असतो, तुमच्या-माझ्याही. तो असला म्हणून कर्करोग होत नाही आणि लिम्फोमा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आफ्रिकेतल्या त्या पट्ट्यात लहानपणीच हा विषाणू शिरतो आणि वारंवार होणारा मलेरिया प्रतिकारशक्तीला सतत डिवचत राहतो. या गडबडीत एखाद्या पेशीतल्या गुणसूत्रांचे तुकडे चुकीच्या जागी जोडले जातात आणि वाढीचं बटण कायमचं दाबलं जातं. बहुतेक रुग्णांत हे ८ आणि १४ क्रमांकाच्या गुणसूत्रांमध्ये घडतं. 'मिक' अशा इवल्याशा नावाचं वाढीचं जनुक त्यात सापडतं, हे १९८२ मध्ये कळलं.

एक-दोन डोस आणि बरी झालेली मुलं

आता उपचारांकडे येऊ. बर्किट स्वतः सर्जन होते, पण चाकू इथे निरुपयोगी होता. चारही बाजूंनी वाढणारा जबडा कापून टाकता येत नाही. किरणोपचाराचं यंत्र युगांडात नव्हतं. उरली औषधं. केमोथेरपी तेव्हा बाल्यावस्थेत होती. न्यूयॉर्कच्या जोसेफ बर्चेनल यांच्यासारख्या डॉक्टरांच्या प्रोत्साहनाने आणि औषध कंपन्यांकडून मिळालेल्या औषधांवर मुलागोत उपचार सुरू झाले. मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फामाइड, व्हिन्क्रिस्टीन ही औषधं आजही आपल्याकडे रोज वापरली जातात.

परिणाम थक्क करणारा होता. फुटबॉलसारखा सुजलेला चेहरा काही दिवसांत पूर्ववत व्हायचा. कारण साधं आहे: ही औषधं विभाजन पावणाऱ्या पेशींना मारतात, आणि या गाठीतल्या जवळजवळ सगळ्याच पेशी सतत विभाजन पावत असतात. जितकी गाठ वेगवान, तितकी ती औषधाला बळी पडणारी.

रक्ततपासण्यांच्या सोयी तुटपुंज्या, म्हणून डोस जपून दिले जात. तरीही काही मुलं एक-दोन डोसांनंतर घरी गेली आणि वर्षानुवर्षं ठणठणीत राहिली. १९६७ मध्ये बर्किट यांनी 'कॅन्सर' या नियतकालिकात याच विषयावर लेख लिहिला: एक किंवा दोन डोसांनंतर दीर्घकाळ आजारमुक्त राहिलेली मुलं. पसरलेला कर्करोग नुसत्या औषधांनी कायमचा बरा होऊ शकतो, यावर त्या काळी अनेक डॉक्टरांचाच विश्वास नव्हता. तो विश्वास निर्माण करण्यात या मुलांचा मोठा वाटा आहे.

पण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तितकाच खरा आहे. एक-दोन डोसांत बरी झालेली मुलं थोडी होती. गाठ मात्र जवळजवळ प्रत्येकाची विरघळायची. त्यांतल्या अनेकांचा आजार काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उलटायचा, कधी पोटात, कधी मेंदूभोवतीच्या द्रवात. म्हणजे पहिल्या डोसानंतर चेहरा बघून कोण वाचणार आणि कोण नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. माझ्या त्या छोट्या पेशंटच्या वडिलांना जे माहीत नव्हतं, ते नेमकं हेच.

मुलागोचं केंद्र: अमेरिकेइतकेच निकाल

१९६७ मध्ये मकेरेरे विद्यापीठ आणि अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था यांनी मिळून मुलागोत 'लिम्फोमा ट्रीटमेंट सेंटर' सुरू केलं. जुन्या रुग्णालयाच्या इमारतीतलं हे छोटंसं केंद्र. प्रमुख होते जॉन झिग्लर नावाचे तरुण अमेरिकन डॉक्टर. हेच केंद्र पुढे युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूट झालं.

या केंद्राने कोणतंही नवं जादूचं औषध शोधलं नाही. त्यांनी केलं ते असं. प्रत्येक मुलाचा आजार किती पसरला आहे याच्या पायऱ्या ठरवल्या. एक औषध बरं की अनेक, याची शिस्तीत तुलना केली. आजार मेंदूकडे उलटतो हे लक्षात आल्यावर पाठीच्या कण्यातून औषध देणं सुरू केलं. गाठ झपाट्याने विरघळताना मेलेल्या पेशींचा कचरा मूत्रपिंडांवर येऊन मूल दगावू शकतं, म्हणून सलाइन आणि लघवीच्या प्रमाणावर लक्ष ठेवलं. आणि मूल ठरल्या तारखेला आलं नाही, तर केंद्राची माणसं गाडी घेऊन त्याच्या गावी जात.

मला हे शेवटचं काम सगळ्यांत मोलाचं वाटतं. गावी गेल्यामुळे दोन गोष्टी होत. उलटलेला आजार लवकर सापडे, आणि तेव्हा पुन्हा औषध दिल्यावर काही मुलं वाचत. शिवाय न आलेलं मूल मेलं की शेतात खेळतंय, हे खात्रीने कळे. त्याशिवाय उपचारांचा खरा निकाल मांडताच येत नाही.

१९७२ मध्ये वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार केमोथेरपीच्या कामासाठी अनेक डॉक्टरांना मिळून दिला गेला. त्यांत बर्किट, बर्चेनल आणि झिग्लर हे तिघेही होते. आणि १९७७ मध्ये झिग्लर यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ५४ अमेरिकन बर्किट रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. निष्कर्ष काय होता? अमेरिकेतले निकाल आफ्रिकेतल्या अनुभवासारखेच आहेत!

हे वाक्य सावकाश पुन्हा वाचा. एका गरीब देशातल्या साध्या वॉर्डातली मुलं आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातले रुग्ण, त्यांना मिळालेलं यश सारखं होतं.

मग वाटा वेगळ्या झाल्या

तो लेख छापून येईपर्यंत युगांडात बरंच काही मोडलं होतं. जानेवारी १९७१ मध्ये लष्करी उठाव करून इदी आमीन सत्तेवर आला. ऑगस्ट १९७२ मध्ये त्याने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. यांत गुजराती होते, पंजाबी होते आणि गोव्याहून गेलेली, सरकारी नोकऱ्यांत पिढी घालवलेली गोवेकर कुटुंबंही होती. त्या वर्षांत डॉक्टर, शिक्षक, औषधविक्रेते, दुकानदार देशाबाहेर गेले. झिग्लरही परतले. पुढे चार्ल्स ओल्वेनी या युगांडाच्याच कर्करोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्था चालू ठेवली. औषधांचा तुटवडा, यादवी, नंतर एड्सची साथ, या सगळ्यात वॉर्ड बंद पडला नाही, हेच आश्चर्य. २००० नंतरच्या काळात अशीही वर्षं होती की अख्ख्या देशात जॅक्सन ओरेम हे एकटेच कर्करोगतज्ज्ञ होते.

त्याच काळात फ्रान्स, जर्मनी, अमेरिका इथे उपचार अधिक कडक झाले. औषधं बरीचशी तीच, पण मोठ्या डोसांत, जोडीला आणखी काही, आणि तीही थोड्या महिन्यांत भराभर. आज त्या देशांत या आजाराची दहापैकी नऊ मुलं बरी होतात. आफ्रिकेत मात्र बऱ्याच ठिकाणी हे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली राहिलं.

मग आफ्रिकेत तीच कडक औषधं का देत नाहीत? हा प्रश्न स्वाभाविक आहे. कडक औषध टोचणं अवघड नाही, त्यानंतरचे दहा-पंधरा दिवस सांभाळणं अवघड आहे. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात. त्या दिवसांत ताप आला तर तासाभरात अँटिबायोटिक लागतं, रक्त आणि प्लेटलेट लागतात, रोजच्या तपासण्या लागतात, रात्री जागी असणारी नर्स लागते. हे नसेल तर कर्करोगाऐवजी औषधाने मूल दगावतं. म्हणून मालावीसारख्या देशात डॉक्टरांनी उलट वाट धरली. तिथे केवळ २८ दिवसांचा, ५० डॉलरहूनही कमी खर्चाचा साधा उपचार आखला गेला. त्यातून जवळपास निम्मी मुलं वर्षभरानंतर आजारमुक्त राहतील असा अंदाज आला. नव्वदच्या तुलनेत हे कमी आहेच. पण उपचार न मिळालेल्या मुलाच्या दृष्टीने पाहिलं, तर शून्य आणि पन्नास यांतलं अंतर सर्वांत मोठं आहे.

मुंबईपर्यंत आलेला धागा

युगांडाच्या त्या केंद्रात झिग्लर यांच्या पाठोपाठ इयन मॅग्रथ नावाचे ब्रिटिश डॉक्टर काम करत होते. पुढे ते अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत गेले. १९८० च्या दशकात त्यांनी भारतातल्या डॉक्टरांबरोबर मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी 'एमसीपी ८४१' नावाची उपचारपद्धती आखली. मुंबईचं टाटा मेमोरियल, चेन्नईची अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचं एम्स या तिन्ही ठिकाणी ती वापरली गेली. लिम्फोमाच्या मुलांसाठी 'एमसीपी ८४२' आली. टाटातले डॉ. सुरेश अडवाणी आणि सहकाऱ्यांनी तिचे निकाल १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. कंपालात शिकलेली गोष्ट, म्हणजे इथल्या परिस्थितीत पेलेल असा उपचार आखा, तो सगळ्यांना सारखा द्या आणि निकाल प्रामाणिकपणे मोजा, ती अशी आपल्याकडे पोहोचली.

आपल्याकडे औषधं आहेत, तज्ज्ञही आहेत. तरी उपचार अर्ध्यावर सुटणं हा आपला जुना दुखरा भाग आहे. त्याची कारणं औषधाच्या बाटलीत नसतात. मुंबईत सहा महिने राहायचं कुठे? रोजगार बुडाला तर घर कसं चालेल? गावी राहिलेल्या धाकट्या मुलांकडे कोण बघेल?

म्हणूनच दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, २००६ पासून कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना आसरा देणारी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही मला केवळ दानधर्माची ठिकाणं वाटत नाहीत. ज्या खोलीमुळे मूल सहावा डोस घ्यायला मुंबईत राहू शकतं, ती खोली उपचाराचाच भाग आहे. मुलागोची गावोगाव जाणारी गाडी जे काम करायची, तेच काम ती करते.

रुग्णांनी आणि नातेवाइकांनी लक्षात ठेवावं असं

१. मान, काख किंवा जांघेतली गाठ तीन-चार आठवड्यांत बसली नाही, वाढत गेली, रबरासारखी टणक पण न दुखणारी असेल, तर डॉक्टरांना दाखवा. सोबत कारणाशिवाय ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम किंवा वजन घटणं असेल तर थांबूच नका. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते तपासून ठरलं पाहिजे.

२. आपल्याकडे मानेतली गाठ क्षयाची असण्याची शक्यता मोठी असते, हे खरं. पण म्हणून नमुना न तपासता क्षयाच्या गोळ्या सुरू करू नयेत. लिम्फोमाच्या निदानासाठी सहसा सुईने घेतलेले थेंब पुरत नाहीत, गाठीचा तुकडा किंवा पूर्ण गाठ काढून तपासावी लागते. बायोप्सीने कर्करोग पसरतो ही भीती मनातून काढून टाका.

३. निदान होण्याआधी स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. त्यांनी गाठ तात्पुरती लहान होते आणि निदान चुकतं.

४. गाठ हाताला लागेनाशी झाली म्हणजे अब्जावधी पेशी मेल्या, पण लाखो उरलेल्या असू शकतात. पुढचे डोस त्यांच्यासाठी असतात. किती डोस, हे तज्ज्ञ ठरवतील.

५. पैसे, राहणं, प्रवास यांची अडचण पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या समाजसेवकाला सांगा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार येतात. लाज वाटून गप्प राहू नका. अडचण आधी कळली तर मार्ग निघतो.

६. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

७. डोस चुकलाच, तरी ओरडा बसेल म्हणून जायचं टाळू नका. उशिरा येणारा पेशंट न येणाऱ्यापेक्षा कधीही बरा.

बर्किट १९६० च्या दशकात युगांडातून मायदेशी परतले. पुढे आहारात चोथा हवा, हे जगाला पटवून देणारे डॉक्टर म्हणून ते अधिक प्रसिद्ध झाले. १९९३ मध्ये ते गेले. मुलागोचं ते केंद्र आजही चालू आहे.

त्या मुलानंतर मी दवाखान्यात एक जाड वही ठेवली. मोठ्या रुग्णालयात पाठवलेल्या प्रत्येक कर्करोगाच्या रुग्णाचं नाव, दोन फोन नंबर आणि पुढच्या डोसची तारीख तिच्यात असते. तारखेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कंपाउंडरबाई फोन करतात: "गेला होतात ना?" कधी समोरून "हो" येतं, कधी नुसती शांतता. शांतता असेल तर फोन मी घेतो.